पडला रे प्रिन्स!

प्रत्येक ऑफिसात एक माणूस असतो. त्याला हाक मारली, की तो लगेच बघत नाही. आधी हातातलं वाक्य पूर्ण टाइप करतो, मग खुर्ची वळवतो, मग चष्मा वर सरकवतो आणि मग म्हणतो, "हं, बोल." तोवर आपण काय सांगायला आलो होतो, तेच आपण विसरलेलो असतो.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'मधला प्रिन्स डिट्टो तसा आहे. तो पळतोय आणि तुम्ही त्याला सांगितलं, वळ. वळतो ना, नाही कशाला म्हणेल? पण आधी पाय रोवतो, थोडा घसरतो, अंग फिरवतो आणि मग उलट्या दिशेला पहिलं पाऊल टाकतो. या सगळ्या सोपस्कारात पायाखालची फरशी संपलेली असते, तुम्ही खुर्चीतून अर्धे उठलेले असता, आणि खाली लोखंडी सुळे असतात. मग काय... खच्च!

हा गेम १९८९ सालचा. म्हणजे हे पान वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठा. आपल्याकडे तो नव्वदच्या दशकात पोचला, डॉसच्या अवतारात, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उड्या मारत. बाहेर चपला काढून एसीच्या गारठ्यात शिरायचं, सर समोर असेपर्यंत 'बेसिक'चे प्रोग्रॅम टाइप करायचे आणि सर चहाला गेले रे गेले की पांढऱ्या कपड्यातला तो गडी पडद्यावर हजर! एक जण खेळणार, चार जण मागे उभं राहून सल्ले देणार. त्या वयातल्या कित्येकांनी कॉम्प्युटर क्लासच्या फीमधून शिकलेली एकमेव गोष्ट म्हणजे शिफ्ट की कुठे असते.

आता ही मंडळी पस्तिशी-चाळिशी पार करून बसली आहेत आणि चार माणसं जमली की 'काय गेम होता यार' सुरू होतं. जुनं ते सोनं वगैरे. म्हणून मध्यंतरी एक आठवडाभर, रोज रात्री जेवण उरकून, मी तो पुन्हा खेळायला बसलो. प्रश्न साधा होता. हा गेम खरंच भारी आहे, की तेव्हा आपल्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून तो भारी वाटला?

उत्तर जरा तिरपं आहे. ज्या गोष्टीसाठी या गेमला डोक्यावर घ्यावं, नेमकी तीच गोष्ट डोकं फिरवते. पण थांबा, डोकं फिरवणाऱ्या सगळ्याच गोष्टी एका जातीच्या नाहीत. काही सच्च्या आहेत, काही निव्वळ लबाड. आणि आठवणींच्या उमाळ्यात आपण दोन्हींना एकाच हाराने ओवाळतो, माझी तक्रार तिथे आहे.

आधी प्रिन्सच्या अंगाबद्दल बोलू, कारण या गेमचा जीव तिथे आहे.

१९८५ सालचा मारियो आठवा. मारियो उडी मारतो आणि हवेत असताना तुम्ही बाणाचं बटण उलटं दाबलं, तर हवेतल्या हवेत दिशा बदलतो. गुरुत्वाकर्षण त्याच्या घरचं आहे. बोट आणि मारियो यांच्यात अंतरच नाही. त्यामुळे मारियो खेळायला मऊ लागतो, लोण्यासारखा. पण मारियोला वजन आहे असं कधी वाटलं? उंचावरून पडला, पायाला लागलं असेल, असं कधी मनात आलं? नाही. तो रबराचा बॉल आहे, मिशा लावलेला.

प्रिन्सला वजन आहे. तो उभ्याचा पळायला लागतो तेव्हा पहिली दोन पावलं वेग पकडण्यात जातात. थांबायला जागा लागते. कड्याला लटकतो तेव्हा पाय झुलतात आणि वर चढताना हातांवर जोर देऊन अंग ओढून घ्यावं लागतं. एक मजला खाली पडला तर नुसता वाकून उभा राहतो, दोन मजले पडला तर आयुष्याचा एक तुकडा जातो, तीन मजले पडला तर संपला. एकदा उडी सुटली की सुटली, धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखी. हवेत विचार बदलायची सोय नाही.

हे सगळं आलं कुठून? तर गेम बनवणाऱ्याच्या धाकट्या भावाकडून. जॉर्डन मेक्नर नावाचा अमेरिकन पोरगा. येल युनिव्हर्सिटीत शिकत असतानाच त्याने 'कराटेका' नावाचा गेम बनवला होता. तो १९८४ साली कॅलिफोर्नियाच्या 'ब्रॉडरबंड' कंपनीने बाजारात आणला आणि चाललाही. मग पुढच्या गेमसाठी त्याने भाऊ डेव्हिडला पांढरे कपडे घातले, एका पार्किंग लॉटमध्ये नेलं आणि सांगितलं, पळ, उडी मार, भिंतीवर चढ. ते सगळं व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलं. पुढचा उद्योग ऐका. टीव्हीवर ती टेप एकेक फ्रेम थांबवून पडद्याचे साध्या कॅमेऱ्याने फोटो काढायचे, रोल धुऊन आणायचा, फोटोवर काळ्या मार्करने आणि पांढऱ्या व्हाइटनरने भावाची आकृती कोरून काढायची, तिची झेरॉक्स काढायची आणि मग ती कॉम्प्युटरमध्ये घ्यायची. हे एका पावलाचं नाही, पावलाच्या प्रत्येक तुकड्याचं! सिनेमावाले या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात आणि कार्टून फिल्ममध्ये ती फार आधीपासून होती. पण 'ॲपल टू'सारख्या, आजच्या मायक्रोवेव्हपेक्षाही कमी अकलेच्या मशिनवर हे करायचं म्हणजे कमाल होती.

तलवारबाजीसाठी भाऊ पुरेना. मग मेक्नरने १९३८ सालचा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' काढला. त्यात शेवटी एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांची तलवारीची झटापट आहे. तिच्यात काही सेकंद असे आहेत, की दोघेही कॅमेऱ्याला बरोबर आडवे दिसतात. तेवढे सेकंद त्याने उचलले. प्रिन्स पुढे-मागे सरत वार करतो आणि अडवतो, तो त्या सेकंदांचा प्रसाद. संगीत कुणाचं? मेक्नरच्या वडिलांचं, फ्रान्सिस मेक्नर यांचं. गणपतीतल्या सोसायटीच्या नाटकासारखं सगळं कास्टिंग घरचंच.

तर मुद्दा असा. प्रिन्स माणसासारखा हलतो, म्हणून तो माणसासारखा उशीर करतो. एकदा पाऊल उचललं की ते टेकल्याशिवाय दुसरं काही होणार नाही. पळत-उडी मारायची असेल, तर कड्याच्या आधीच वरचा बाण दाबावा लागतो, कारण चालू पाऊल पुरं झालं की मगच तो झेप घेतो. कड्यावर पोचल्यावर दाबलंत तर साहेब एक पाऊल आणखी टाकतात, आणि त्या पावलाखाली काहीच नसतं. पहिल्यांदा खेळणारा दहातल्या नऊ वेळा इथे मरतो आणि दहाव्यांदा कीबोर्डवर हात आपटतो. 'मी दाबलं होतं रे!' हे वाक्य त्या गेमइतकंच जुनं आहे. हो राजा, दाबलं होतंस. उशिरा दाबलंस.

आणि हीच ती सच्ची चिडचिड. कारण गेम इथे एकदाही फसवत नाही. सगळं जग एकाच मापाच्या फरशांचं आहे. उभ्या उडीत किती फरशा पार होतात, पळत्या उडीत किती, आणि शेवटच्या क्षणी शिफ्ट दाबून कडा पकडली तर आणखी किती, हे तीन-चार दिवसांत बोटांना पाठ होतं. शिफ्ट दाबून बाण दाबला की प्रिन्स एकेक पाऊल जपून टाकतो. कड्याशी आला की पाय पुढे करून चाचपतो आणि मागे घेतो. तरीही तुम्ही हट्टाने पुन्हा दाबलंत तर मग उतरतो खाली, तुमची मर्जी. सुळ्यांमधून पळालात तर मेलात, पण हळू चालत गेलात तर काही होत नाही. सैल फरशी ओळखायची तर जागच्या जागी उंच उडी मारा, सैल असेल ती हलते. वरखाली चावणाऱ्या त्या पात्यांना ठेका आहे, तो ऐका आणि मग निघा. मेलात की दर वेळी कळतं, आपण का मेलो. नवं काही शिकल्यासारखं वाटतं आणि म्हणूनच 'आता शेवटचं एकदा' म्हणत रात्रीचा एक वाजतो.

घड्याळाचंही तेच. सुलतान लढाईवर गेलाय, वजीर जाफरने राजकन्येला एक तास दिलाय, लग्न कर नाहीतर मर. तो तास खराखुरा आहे. साठ मिनिटं. तुमच्या भिंतीवरची साठ मिनिटं! मेलात तर लेव्हलच्या सुरुवातीला परत, जिवांची मोजदाद नाही, हवं तितकं मरा. पण घड्याळ मागे जात नाही. मरण फुकट, वेळ महाग. मला ही कल्पना आजही सॉल्लिड वाटते. ज्या काळात बाकीचे गेम तीन जीव देऊन चौथ्याला घरी पाठवत होते, त्या काळात या माणसाने मोजायला जीव न घेता मिनिटं घेतली.

आणि बघा, तास म्हणजे पूर्ण गेमच तेवढा. आज दुकानात जो गेम घ्यायला जाल, त्याच्या जाहिरातीत तो ऐंशी तासांचा आहे हे अभिमानाने सांगितलेलं असतं. अरे, ऐंशी तास आणायचे कुठून? त्यातले चाळीस ऑफिसात जातात आणि उरलेले ट्रॅफिकमध्ये. प्रिन्सची पूर्ण गोष्ट लंच टाइममध्ये बसते. (ती बसवायला आधी महिनाभराचे लंच टाइम खर्ची घालावे लागतात ही गोष्ट वेगळी.)

आता लबाड चिडचिडीकडे येऊ. इथे मी जुन्या पिढीचा रोष ओढवून घेणार आहे.

एक, बाटल्या. वाटेत बाटल्या ठेवलेल्या असतात. लाल बुडबुडे असतील तर तब्येत सुधारते, निळे असतील तर विष. ठीक, रंगीत मॉनिटरवर ठीक. आपल्याकडच्या किती क्लासमध्ये रंगीत मॉनिटर होते? ब्लॅक अँड व्हाइट पडद्यावर लाल आणि निळा म्हणजे फिकट राखाडी आणि गडद राखाडी. पिऊन बघणं हा एकच मार्ग.

दोन, पहिल्या लेव्हलनंतरची ती अक्षरांची खोली. डॉसच्या गेममध्ये पहिली लेव्हल संपली की बाटल्यांनी भरलेली एक खोली यायची, प्रत्येक बाटलीवर एक अक्षर. मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं, ती बाटली प्या. गेम विकत घेतलाय की उचललाय, याची परीक्षा होती ती. कंपनीच्या बाजूने रास्तच म्हणा. पण पार्ल्यातल्या किंवा कोथरूडातल्या पोराला मॅन्युअल नावाची वस्तू असते हेच माहीत नव्हतं. ज्या फ्लॉपीतलं हे कुलूप कुणीतरी आधीच फोडलेलं असायचं, त्या फ्लॉपीचा मालक वर्गात राजा.

तीन, आणि खरी बोच ही. एखादी लेव्हल दहा मिनिटांची. त्यातली नऊ मिनिटं तुम्हाला तोंडपाठ. दहाव्या मिनिटाला काहीतरी नवं येतं, मरता, आणि पुन्हा तीच नऊ मिनिटं. तीच फरशी, तेच गेट, तोच पहारेकरी. यात शिकण्यासारखं काही उरलेलं नसतं, नुसती हमाली असते. तिसऱ्या लेव्हलमध्ये मधल्या टप्प्यावरून पुन्हा सुरू होतं, म्हणजे ही सोय करता येते हे मेक्नरला ठाऊक होतं! मग बाकी ठिकाणी का नाही? तिसऱ्या लेव्हलपासून गेम सेव्ह करता येतो खरा, पण तो लेव्हलच्या सुरुवातीपासून आणि घड्याळ जिथे आहे तिथूनच. म्हणजे उशिरा पोचून सेव्ह केलंत, तर तुमचा उशीरही जपून ठेवलेला. मला तर ही शिक्षा पगार कापून वर ओव्हरटाइम करायला लावण्यासारखी वाटते.

यावर उतारा म्हणून 'मेगाहिट' होतं. डॉसच्या काळ्या पडद्यावर 'प्रिन्स'च्या पुढे 'मेगाहिट' टाइप करून गेम सुरू केला, की शिफ्ट आणि एल दाबून पुढची लेव्हल, के दाबला की समोरचा पहारेकरी आडवा, अधिकचं चिन्ह दाबलं की घड्याळात आणखी मिनिटं. नंतरच्या आवृत्तीत हा परवलीचा शब्द बदलून 'इम्प्रूव्ह्ड' झाला. हे कुणी शोधलं, कुणी कुणाला सांगितलं, देव जाणे. पण पुण्यापासून नागपूरपर्यंत सगळ्या क्लासमध्ये ही बातमी इंटरनेटशिवाय पोचली होती. गंमत म्हणजे मेगाहिट लावून शेवटापर्यंत गेलेल्यांना गेम आठवतच नाही. त्यांना फक्त शेवटची मिठी आठवते.

आणि मेगाहिटवाल्यांचं एक मोठं नुकसान झालं. त्यांची सावलीशी ओळखच झाली नाही.

ही सावली म्हणजे या गेममधली सगळ्यात सुंदर गोष्ट, आणि ती जन्माला आली अडचणीतून. मेक्नरला मुळात मारामारी नको होती. कोडी, सापळे आणि उड्या, बस्स. त्याची एक सहकारी, टोमी पियर्स, त्याच्या मागे लागली होती की यात झुंज हवी, समोर कुणीतरी हवं. पण 'ॲपल टू'ची मेमरी भरून वाहत होती. भावाच्या त्या सगळ्या पावलांनीच ती खाल्ली होती. दुसऱ्या पात्राची चित्रं ठेवायला जागाच नाही. मग त्याने काय केलं? प्रिन्सचीच चित्रं घेतली, थोडी सरकवून स्वतःवरच पाडली आणि त्यातून एक काळसर, चमचमती आकृती तयार झाली. जागा जवळपास शून्य. हालचाल तीच, पळणं तेच, कारण अंगच तेच. पहारेकरी नंतर आले, आधी आला तो प्रिन्सचाच शत्रू-भाऊ.

चौथ्या लेव्हलच्या शेवटी वाटेत अचानक एक आरसा उभा राहतो. मागे जायला मार्ग नाही. पळत येऊन आरशात उडी मारायची. तुम्ही आरपार जाता, आरशातून उलट्या बाजूला सावली बाहेर पडते आणि तुमची तब्येत एकदम खाली, जेमतेम एक तुकडा उरतो. पाचव्या लेव्हलमध्ये तुम्हाला मोठी बाटली दिसते, तुम्ही निघता, आणि ही बया आधी पोचून ती गटागट पिते. सहाव्यात तुम्ही गेटकडे झेप घेता आणि पलीकडे उभी असलेली सावली शांतपणे पुढे होऊन फरशी दाबते. गेट खाली, तुम्हीही खाली. क्लासमध्ये या क्षणी जे शब्द कानावर पडायचे, ते इथे छापता येणार नाहीत.

मग बारावी लेव्हल. उंच मनोरा, वर सावली तलवार घेऊन उभी. सहा लेव्हलचा राग डोक्यात. तुम्ही वार करता, तिला लागतं, आणि तुमची तब्येतही तेवढीच उतरते. पुन्हा वार, पुन्हा तेच. तिला मारून टाकलंत तर तुम्ही मेलात. मागे उभे असलेले चार सल्लागार इथे गप्प व्हायचे. यावर उपाय एकच, तलवार म्यान करायची. समोर नंगी तलवार असताना आपली खाली घ्यायची. तुम्ही घेता, तीही घेते. मग चालत तिच्याकडे जायचं आणि दोघं एक होतात.

आता 'कराटेका'चा शेवट सांगतो. तिथे सगळ्यांना लोळवून तुम्ही राजकन्येच्या खोलीत शिरता. लढायच्या पवित्र्यात तिच्याकडे गेलात, तर ती एका लाथेत तुम्हाला खलास करते! पवित्रा सोडून साधं चालत गेलात, तरच मिठी. तेव्हा लोकांना वाटलं, काय वात्रटपणा आहे. पण पाच वर्षांनी तोच माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगतो, या वेळी गंभीरपणे. एकटा माणूस चार वर्षं खोलीत बसून गेम बनवतो तेव्हा त्याच्या डोक्यातलं काहीतरी असं गेममध्ये झिरपतं. आजच्या शेकडो माणसांच्या टीमच्या गेममध्ये चित्रं लाखपट चांगली असतात. पण ही अशी एकाच डोक्यातून आलेली हट्टी गोष्ट फार क्वचित सापडते.

हे सगळं कौतुक झाल्यावर हेही सांगायला हवं, की सावलीशी एकरूप झाल्यावर लगेच पुढे जे येतं, ते मला अजिबात पटत नाही. समोर मोकळी दरी. पूल नाही, कडा नाही. करायचं काय? तर सरळ हवेत धावत सुटायचं, पायाखाली फरशा आपोआप उगवतात. पूर्ण गेमने तुम्हाला शिकवलं काय, तर कड्याशी पाय चाचपून बघ. आणि आता म्हणे, बेधडक पळ. कविता म्हणून छान आहे, कोडं म्हणून लबाडी आहे. एवढ्याने मन भरलं नाही म्हणून आठव्या लेव्हलमध्ये तुम्ही गेटमागे अडकता, आणि तिथे उपाय काय, तर काहीही न करणं. थांबून राहायचं. राजकन्येने पाठवलेला एक पांढरा उंदीर येतो आणि फरशी दाबून गेट उघडतो. घड्याळ पळतंय आणि हिरो उंदराची वाट बघतोय. हा विनोद मात्र मला आवडतो, कारण याच्या आधी त्या दोघांना एकत्र दाखवलेलं असतं. लक्ष असेल तर कळतं.

गेम निघाला तेव्हा 'ॲपल टू'चे दिवस भरत आले होते आणि सुरुवातीला तो फारसा खपला नाही. मग डॉस, अमिगा, जपानी मशिन्स असा फिरत फिरत तो जगभर पसरला. १९९१चा 'अनदर वर्ल्ड', १९९२चा 'फ्लॅशबॅक', १९९६ची 'टूम्ब रेडर', सगळ्यांच्या अंगात प्रिन्सचं रक्त आहे. लारा क्रॉफ्ट कड्याला लटकते ना, ते बघा एकदा. २००७चा 'असॅसिन्स क्रीड' तर मुळात प्रिन्सचाच पुढचा भाग म्हणून सुरू झाला होता. २०१०मध्ये जेक जिलेनहालचा सिनेमाही आला. तो राहू द्या.

सगळ्यात बोलका आहे तो २००३चा 'द सँड्स ऑफ टाइम'. यात स्वतः मेक्नरचाही हात होता. त्यात प्रिन्सच्या हाती एक खंजीर दिला. चुकलात, पडलात, तर बटण दाबा आणि वेळ उलटा फिरवा. दहा सेकंद मागे, पुन्हा उडी. म्हणजे चौदा वर्षं जगभरातल्या पोरांनी 'मी दाबलं होतं रे!' म्हणून जो आक्रोश केला, त्याला मिळालेलं हे अधिकृत उत्तर. आणि सांगतो, खेळायला तो गेम जास्त सुखाचा आहे. नऊ मिनिटांची हमाली गेली. ती जायलाच हवी होती, तिच्यासाठी कुणी डोळ्यांतून टिपं काढू नयेत. पण उडी मारायच्या आधी श्वास रोखून फरशा मोजणं, तेही तिच्याबरोबर गेलं. त्या नव्या प्रिन्सची एकही उडी मला आज आठवत नाही. जुन्याची पहिल्या लेव्हलमधली पहिली सैल फरशीसुद्धा आठवते.

२०१२ साली मेक्नरच्या वडिलांना कपाटात जुन्या डिस्कचा एक खोका सापडला. त्यात हरवलेला मूळ 'ॲपल टू'चा सोर्स कोड होता. जाणकारांच्या मदतीने तो वाचून घेतला आणि मेक्नरने तो सगळ्यांसाठी खुला करून टाकला. त्या काळातल्या त्याच्या डायऱ्याही पुस्तकरूपात आल्या आहेत. पुढे काय करावं, गेम की सिनेमाच्या पटकथा, यात तो वर्षानुवर्षं लटकत होता, दोन्ही हातांनी कडा धरून. पंचविशीतल्या कुणालाही ओळखीचं वाटेल असं त्यात बरंच आहे.

खेळायचा असेल, तर डॉसचा जुना गेम आजच्या कॉम्प्युटरवरही चालवता येतो, फार खटपट नाही. पहिल्यांदाच खेळत असाल तर एवढं करा. तलवार सापडेपर्यंत पहारेकऱ्याच्या वाटेला जाऊ नका, एका घावात जाल. पहिली लेव्हल चार-पाचदा नुसती फिरून बघा, घड्याळाची पर्वा न करता, आणि मग नव्याने सुरू करा. प्रत्येक लेव्हलच्या सुरुवातीला सेव्ह करून ठेवा आणि वेळ फार गेला असेल तर मागची लेव्हल पुन्हा खेळून मिनिटं वाचवा, यात कमीपणा नाही. निळ्या बुडबुड्यांना हात लावू नका. आणि स्पेसबार दाबला की किती मिनिटं उरली ते दिसतं. दाबू नका.